‘एकही नोंद आढळली नाही’: तालिका बसवून देणाऱ्या महोदयांस खुलं पत्र

परमआदरणीय, संगणकनिपुण, ग्रंथालयोद्धारक श्रीयुत तालिकाकार महोदय यांसी,

सातारा-सांगलीकडच्या एका साध्या सभासदाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आपल्या कृपेने आमच्या तालुक्याचं सार्वजनिक ग्रंथालय ऑनलाइन झालं. नारळ फुटला, पाहुण्यांनी कळ दाबली, पडद्यावर एकूण ग्रंथसंख्येचा मोठा आकडा झळकला आणि टाळ्या पडल्या. तो आकडा मुखपृष्ठावर अजून तसाच झळकतो. एवढी पुस्तकं इथे आहेत, हे आपण छातीठोकपणे सांगता. त्यातलं हवं ते कुठे आहे, तेवढं मात्र सांगत नाही. पण थोरामोठ्यांकडून सगळंच कसं मागावं?

आपलं शुभनाव इथे घेत नाही. आपल्यासारखे उपकारकर्ते गावोगावी आहेत. त्यातल्या प्रत्येकाला हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटावं, एवढी माझी इच्छा आहे.

पहिले आभार अण्णा भाऊ साठे यांच्या वतीने. वाटेगाव आमच्याच वाळवा तालुक्यातलं, त्यामुळे हे नाव इकडे पोरासोरांनाही ठाऊक. आपल्या शोधचौकटीत ‘अण्णाभाऊ’ असं जोडून लिहिलं की ‘फकिरा’ येते. ‘अण्णा भाऊ’ असं तोडून लिहिलं की ‘फकिरा’ जाते आणि ‘वारणेचा वाघ’ येतो. आणि माणसं बोलतात तसं ‘आण्णाभाऊ’ लिहिलं, तर लाल अक्षरांत उत्तर येतं: एकही नोंद आढळली नाही. शाळेतल्या मुलीने हे उत्तर वाचलं की ती काय समजणार? अण्णा भाऊंच्या जिल्ह्यातल्या ग्रंथालयात अण्णा भाऊंचं एकही पुस्तक नाही, हेच ना? पुस्तक कपाटात उभं असताना ते नाही असं सांगण्याची ही सिद्धी आपल्याला कोणत्या गुरूंकडून लाभली?

आपण येण्यापूर्वी आमच्याकडे लाकडी खणांचं एक कपाट होतं. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरची पत्रकं, खालच्या बाजूला भोक, त्यातून आरपार गेलेली सळई. त्यात एक पत्रक असायचं: ‘कुसुमाग्रज’, आणि त्याखाली ‘शिरवाडकर, वि. वा. पाहा’. एवढंच. वाचक कोणत्याही नावाने आला तरी त्याला योग्य खणापाशी पोहोचवणारं ते पत्रक कुणी ग्रंथपालाने हाताने लिहिलेलं होतं. आपण त्या पत्रकांवरची नावं संगणकात भरून घेतलीत आणि ‘पाहा’ तेवढं गाळलंत. जागा वाचली असेल. त्याबद्दलही आभार.

एका लेखकाची सगळी नावं एका प्रमाण नोंदीला बांधून ठेवणं हे ग्रंथालयशास्त्रातलं फार जुनं काम आहे आणि आजच्या चांगल्या प्रणाली ते सहज करतात. आमच्या भागाला तर त्याची गरज जास्तच. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्ण्यांना जग पठ्ठे बापूराव म्हणून ओळखतं. ज्यांचं मूळ घराणं कटगुणचं, त्या फुल्यांना कुणी जोतीराव लिहितं, कुणी जोतिराव, कुणी ज्योतिबा, कुणी नुसतं ‘महात्मा फुले’. आपल्या दरबारात हे चौघे एकमेकांना ओळखत नाहीत. नायगावच्या सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा 1854 सालचा संग्रह यापैकी कोणाच्याही नोंदीजवळ सापडत नाही. त्यांच्या नावात आपण भरताना एक वेलांटी चुकवलीत, आणि आपल्या यंत्राला वेलांटी म्हणजे ब्रह्मवाक्य.

शुद्धलेखनाबाबत आपला कडवेपणा तर वंदनीयच. माडगूळकर हे नाव ऱ्हस्व ‘गु’ने लिहिलं की माडगुळ्याचे दोन्ही भाऊ एकदम अंतर्धान पावतात. ‘श्यामची आई’चा ‘शाम’ केला की आईही जाते, श्यामही जातो. गंमत अशी की आपण स्वतः भरलेल्या नोंदींमध्येच तिन्ही-चारी रूपं आहेत. 1962 साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’ आणि ‘नांव’ अशी अनुस्वारांची दाटी आहे. पुस्तक जसं छापलंय तसंच नोंदवायला हवं, हे मान्य. पण आजचा वाचक आजचं लिहिणार आणि यंत्राने मधला पूल बांधायचा असतो. ‘तुम्हाला हे म्हणायचं आहे का?’ असं अदबीने विचारणाऱ्या शोधचौकटी जगात कधीच्या आल्या. आपली चौकट विचारत नाही, ती थेट निकाल देते.

आता एक बारीक गोष्ट, जी आपल्यासारख्या तज्ज्ञांना सांगणं म्हणजे उद्धटपणाच. ‘वाऱ्यावरची वरात’ या नावातला ‘ऱ्य’ संगणकात दोन रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या पोटात त्यांचे संकेतांक वेगळे. नोंद एका रीतीने भरली आणि वाचकाने दुसऱ्या रीतीने शोधली, तर पु. लं.ची वरात दारातूनच परत. दोन्ही रूपं शोधापूर्वी एकसारखी करून घेणं हे काम वाचकाचं नव्हे, ग्रंथपालाचंही नव्हे. ते आपलं. आपण ते केलं नाहीत आणि तरीही ‘संपूर्ण मराठी सुविधा’ या शीर्षकाखाली त्याचे पैसे घेतलेत, याबद्दल आपल्या व्यवहारकौशल्याला दंडवत.

अकारविल्हे यादीचंही तसंच. आमच्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या पुढचा, आणि आमचे बहुतेक कोश ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी ठेवतात. आपल्या यादीत ‘ळ’ हा ‘ल’ला चिकटून बसलाय आणि ‘ज्ञानेश्वरी’ शोधायला ‘ज’च्या पोटात शिरावं लागतं. संगणकाच्या संकेतावलीतला कच्चा क्रम आपण उचलला आणि जसाच्या तसा आम्हाला वाढलात. मराठीचा क्रम लावायची सोय त्याच संगणकात असते. ती एकदा चालू करावी लागते, एवढंच.

‘ज्ञानेश्वरी’ एकदाची सापडली की आपली उदारता आणखी दिसते. साखरे प्रत, दांडेकर प्रत, राजवाडे प्रत, गद्य रूपांतर, मुलांसाठीची, निवडक ओव्यांची, पारायणाची मोठ्या अक्षरातली: सगळ्या एकाखाली एक, पानामागून पान, कशाचाही कशाशी संबंध न लावता. आजच्या चांगल्या तालिकेत एक ग्रंथ एकदाच दिसतो आणि त्याखाली त्याच्या आवृत्त्या, प्रती, भाषांतरं उलगडतात. ‘बनगरवाडी’ शोधणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं की हिचं इंग्रजी भाषांतर ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ या नावाने आहे, आणि अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपटही केला आहे. माणदेशातल्या पोराला आपल्या मातीतली कादंबरी कुठवर पोहोचली हे समजण्याची ती जागा. आपण ती कोरी ठेवली आहे.

एकदा ‘कृष्णा’ असं टंकून पाहावं ही विनंती. आमची नदी, गोकुळातले भगवंत, निबंधमालाकार विष्णु कृष्ण चिपळूणकर आणि ज्यांच्या वडिलांचं नाव कृष्णा होतं असे झाडून सगळे लेखक आपण एकाच रांगेत उभे करता. अशी समता संतांनाही साधली नसेल. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 2006 सालीच आपल्या तालिकेत शोधाच्या बाजूला गाळण्या दिल्या: विषय, लेखक, भाषा, प्रकार. एकेक टिचकी मारत वाचक नेमक्या पुस्तकापाशी जातो. त्यानंतर जगभरच्या तालिका त्या वाटेने गेल्या. कृष्णाकाठच्या पुरावर वाचू पाहणाऱ्या माणसाला ‘नदी’ या शब्दावर एक टिचकी मारता आली तर आपलं काय बिघडेल?

विषयाच्या बाबतीत आपण आमची फारच कसून परीक्षा घेता. तासगावचा द्राक्षबागायतदार ‘डाऊनी’ शोधतो. पुस्तकात त्याला ‘केवडा’ म्हटलंय. आपलं उत्तर ठरलेलं: एकही नोंद आढळली नाही. अभ्यासिकेत पहाटेपासून बसलेली मुलं ‘एमपीएससी’ टंकतात, आणि आपल्या नोंदीत फक्त ‘महाराष्ट्र लोकसेवा आयोग’ आहे. बागेवर रोग आलेला असतो, परीक्षा तोंडावर असते. ही माणसं वेळ घालवायला आलेली नसतात. वाचकाचा वेळ वाचवणं हे एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक. ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ते सांगेल. आपल्या कचेरीत त्या विद्यार्थ्याला कधी बोलावलं होतंत का?

पुस्तक आढळलंच, तर आपण सांगता: 891.463. एवढंच. पुस्तकांवर जीव असणाऱ्या कितीजणांना हा मराठी कादंबरीचा वर्गांक आहे हे माहीत असतं? ‘कादंबरी, पहिला मजला, खिडकीकडचं कपाट’ असं लिहायला आपल्या पडद्यावर मुबलक जागा आहे. ती जागा सध्या आपल्या बोधचिन्हाने आणि दूरध्वनी क्रमांकाने अडली आहे. तो क्रमांकही कुणी उचलत नाही, हे जाता जाता.

आपल्या ‘उपलब्ध’ या शब्दावर तर माझी अढळ श्रद्धा होती. पुस्तक देवघेव खिडकीवरून जाऊन आठवडा उलटला तरी आपल्याकडे ते ‘उपलब्ध’च असतं, कारण देवघेवीची नोंद एका खोलीत आणि तालिका दुसऱ्या खोलीत, आणि दोघींची गाठ महिन्यातून एकदा. जतहून सांगलीला एसटीने येणाऱ्या माणसाचा पूर्ण दिवस आणि भाड्याचे पैसे त्या एका शब्दावर जातात. तो घरबसल्या पुस्तक राखून ठेवू शकला असता, ते परत आल्यावर त्याला भ्रमणध्वनीवर संदेश गेला असता. ही सोय आपल्या माहितीपत्रकात रंगीत अक्षरांत आहे. प्रत्यक्षात आजवर एकच संदेश न चुकता येतो: दंडाचा.

भ्रमणध्वनीवरून आठवलं. आमच्या गावांत संगणक घरोघरी नाही, पण भ्रमणध्वनी आहे, आणि म्हातारी माणसंही त्यावर बोलून मराठी लिहितात. आपली तालिका तिथे उघडली की अर्धी पडद्याबाहेर जाते. मराठी टंकण्यासाठी आपण दिलेला कळफलक बोटाच्या टोकाएवढ्या जागेत सगळी बाराखडी मांडतो. ज्या आजोबांचे डोळे आता अधू झाले, ज्यांना ग्रंथालयाचा जिना चढवत नाही, त्यांच्यासाठीच तर ऑनलाइन तालिका हवी होती. त्यांनाच आपण दाराबाहेर ठेवलंत.

आता ग्रंथपालांविषयी. आपण त्यांना एका दुपारी प्रशिक्षण दिलंत, प्रमाणपत्र दिलंत, छायाचित्र काढलंत आणि निघून गेलात. आमच्या बाई देवघेव बंद झाल्यावर दाखलपुस्तक मांडीवर घेऊन आपल्या रकान्यांत नोंदी भरत बसतात. राज्याच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदानावर चालणाऱ्या आमच्या ग्रंथालयांत त्यांना मिळणारं वेतन सांगायला लाज वाटते. वाचक आपल्या यंत्रापुढून हात हलवत परत फिरला की त्याच बाई उठतात, नाव अर्धवट सांगितलं तरी ओळखतात, तिसऱ्या कपाटाच्या खालच्या फळीवरून पुस्तक काढून हातात ठेवतात, आणि वर विचारतात, “याचा दुसरा भाग पण आहे, देऊ का?” महोदय, तालिका म्हणतात ती हीच. आपण यंत्रात उतरवायला हवं होतं ते हेच. त्या बाईंच्या डोक्यात आहे ते सारं, त्या निवृत्त होण्यापूर्वी. आपण त्यांच्याकडून फक्त दाखल अंक आणि किंमत भरून घेतलीत, कारण तपासणीला तेवढंच लागतं.

मराठीत हे जमत नाही, असं आपण एका सभेत सांगितल्याचं कानावर आलं. वाईत घडलेला मराठी विश्वकोश आज कुणालाही घरबसल्या शोधता येतो. महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला 4 मे 2017 रोजी पुस्तकांचं गाव सुरू झालं, तेव्हा कोणत्या घरात कोणता विषय याचा विचार आधी केला गेला, म्हणून पाहुणा वाटेतल्या कोणालाही विचारून हव्या त्या पुस्तकांपर्यंत जातो. आमच्याच भागातली ही उदाहरणं आहेत. भाषेचा दोष काढण्यापूर्वी आपण वाईपर्यंत एकदा जाऊन यायला हरकत नव्हती. रस्ता चांगला आहे.

पैसे नाहीत, असंही आपण सांगता. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयांसाठी बनवलेली ‘कोहा’ ही प्रणाली 2000 सालापासून वापरात आहे. ती मुक्त आहे, तिच्यासाठी परवान्याचे पैसे पडत नाहीत, आणि जगभर हजारो ग्रंथालयं ती चालवतात. आपल्या देशात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ई-ग्रंथालय’ बनवलं आहे. खर्च होतो तो ती मराठीसाठी नीट जुळवून देण्याचा, नोंदी तपासण्याचा आणि माणसं शिकवण्याचा. म्हणजे नेमका त्याच कामांचा, जी आपण केली नाहीत.

एक गोष्ट आता सरळच बोलतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. सांगलीतल्या जुन्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो ग्रंथ भिजून लगदा झाले. दुर्मीळ पुस्तकं गेली, ती परत येणार नाहीत. अशा वेळी ग्रंथालयाच्या हातात उरते ती फक्त त्याची नोंद: काय होतं, कोणती आवृत्ती, कोणत्या साली आली, कुणी दिली. त्या नोंदीवरून दुसऱ्या प्रती शोधता येतात, मागता येतात, पुन्हा उभं राहता येतं. म्हणून पूररेषेतल्या प्रत्येक ग्रंथालयाची तालिका पूर्ण असायला हवी, आणि तिची एक प्रत पाण्यापासून लांब, दुसऱ्या गावी असायला हवी. आमच्या तालिकेची एकमेव प्रत तळमजल्यावर, टेबलाखाली ठेवलेल्या यंत्रात आहे. आपण बसवलेल्या, आपल्या हमीच्या.

आणि ती नोंद आमची म्हणावी तर आमची नाही. करार संपला की आमच्याच पुस्तकांची यादी आम्हाला बाहेर काढता येत नाही, कारण ती आपण आपल्याच खास साच्यात कोंडली आहे. जगभरची ग्रंथालयं नोंदींची देवाणघेवाण ‘मार्क 21’ या समान साच्यात करतात. तो वापरला असता तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या ग्रंथालयांची एक संयुक्त तालिका आज उभी राहू शकली असती. कऱ्हाडला नसलेलं पुस्तक इस्लामपूरला आहे, दहिवडीला नसलेलं विट्याला आहे, हे एका शोधात कळलं असतं. छोट्या ग्रंथालयांना प्रत्येक पुस्तक विकत घेणं परवडत नाही. एकमेकांत वाटून घेणं परवडलं असतं. आपण प्रत्येकाला वेगळ्या कुलपात बंद केलंत आणि किल्ल्या स्वतःकडे ठेवल्यात.

तेव्हा महोदय, आता मागणं. आमच्या नोंदी समान साच्यात, पूर्णपणे, कोणतंही जादा शुल्क न लावता परत द्या. लेखकांची नावं एकमेकांना जोडून द्या. शुद्धलेखनाची पर्यायी रूपं आणि ‘ऱ्य’ची दोन्ही रूपं शोधात एक करा. देवघेव आणि तालिका एकाच क्षणी जुळू द्या. भ्रमणध्वनीवर चालेल असं करा. आणि आमच्या बाईंना पुन्हा शिकवा, या वेळी त्यांनी विचारलेल्या प्रश्नांवरून.

आणि हे पत्र वाचणाऱ्या ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना हात जोडून विनंती. वार्षिक देखभालीच्या कराराची मुदत संपत आली की विक्रेत्याचं सादरीकरण पाहून सही करू नका. एक शाळकरी मुलगी, एक शेतकरी, एक स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी आणि एक निवृत्त गृहस्थ यांना त्या पडद्यासमोर बसवा. त्यांना हवं ते पुस्तक त्यांच्या शब्दांत शोधू द्या, कुणी मध्ये बोलू नका. पुस्तक सापडलं, कपाट कळलं, ते घरी नेता आलं, तर सही करा. नाहीतर नोंदी परत मागा आणि दुसरा माणूस बघा. वर्गणीदारांचा आणि सरकारचा तो पैसा आहे. तो वाचकापर्यंत पोहोचलाच पाहिजे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वर्गणी वेळेवर भरणारा एक सभासद